सरदाराचा कोट

मुरुम, शुक्रवार, १२ डिसेंबर १९५८

आज शाळा तपासायला साहेब आले होते. मी फळ्यावर इटलीतल्या एका सरदाराचं चित्र टांगलं, चारशे वर्षांपूर्वीचं, आणि मुलांना समजावलं, "कमरेवरचा हात बघा. हा सत्तेचा माज." साहेब मान डोलावत होते.

गणवेशाची मापं घ्यायला आलेले रहीमचाचा शिंपी दारात उभे होते. साहेबांनी सहज त्यांना विचारलं, "तुम्हाला काय दिसतं?"

"कोट ह्यांच्या मापाचा न्हाय, साहेब. खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. मागून आणला असंल. म्हणून तर कमरेशी हातानं आवळून धरलाय."

साहेब लई खूश. "चित्रकलेच्या मास्तरांना हे दिसलं नाही?" मुलं माझ्याकडं बघून हसली.

मग मी बोललो. "चाचा जहागीरदारांनी टाकलेला कोट घालून फिरतात. त्यांना सगळ्यांचेच कोट मागून आणलेले दिसणार."

वर्ग खदखदून हसला. चाचांनी खाली आपल्या कोटाकडं पाहिलं. "व्हय मास्तर," एवढंच म्हणाले. हातातली टेप गुंडाळू लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

घरी आणून चित्र तीनदा पाहिलं. शिवण खरंच दंडावर आहे. आता त्या हातात माज दिसतच नाही, आणि डोळे तर भ्यालेले. इतकी वर्षं हेच शिकवतोय, मला कसं दिसलं नाही?

पण शाळा सुटतानाच हेडमास्तरांना सांगून आलोय, चाचांची नजर गेलीय, गणवेश दुसऱ्याकडं द्या. त्यांनी लगेच मानलं. उद्या चाचांना तसं सांगायचं काम माझ्याकडंच आहे.