टिकल्याचा बंदोबस्त

५ ऑक्टोबर, रहिमतपूर

रात्र खराब. टिकल्या परत दाराच्या बिजागरीकडे तोंड करून उभा. दार सताड उघडं. पण जिकडून उघडतं तिकडे याचं लक्षच नाही, बिजागरीच्या फटीत नाक घालून बाहेर जायची वाट बघतो. धरून वळवला, अंगणात सोडला. कशाला आलो तेच विसरला. परत आत आला आणि खोलीत मुतला. फडकं मारलं. मग घरभर फेऱ्या, फरशीवर नखांची टकटक, उजाडेपर्यंत.

फौजेत जन्मभर रात्रीचे पहारे दिले. सुभेदार म्हणून घरी आलो ते झोपायला. आता कुत्र्याची ड्यूटी.

७ ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. हे मुळात गाई-म्हशींचे. टि.च्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात फिरवला, म्हणाले, "सुभेदार, डोकं म्हातारं झालंय त्याचं. माणसाचं होतं तसंच. दिवसा झोपणार, रात्री फिरणार, हळूहळू ओळख जाणार." उपाय विचारला तर झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. "घरातल्या वस्तू हलवू नका. जिथलं तिथं राहू द्या, वासावर चाललंय त्याचं सगळं." जाताना फाटकात थांबून, "लय हाल व्हायला लागले तर कळवा. एक इंजेक्शन असतं."

चहा टाकला होता. त्यांनी घेतला नाही. मीच दोन कप प्यायलो.

८ ऑक्टोबर

शालनला फोन करून सांगितलं. बायको माझी, पण सध्या पुण्याची. आमच्या अमरच्या पोराला सांभाळायला म्हणून पावसाळ्याआधी गेली. दोन महिने म्हणाली होती.

"इंजेक्शन-बिंजेक्शन काय न्हाई. मी आल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई. लेकरू हाय ते माझं."

"कवा येतीस?"

"बघू. दिवाळीला."

त्याने काय खाल्लं, पाणी प्यायला का, कान खाजवतो का, सगळं विचारलं. मी बी.पी.ची गोळी घेतो का, ते राहिलं.

११ ऑक्टोबर

लेकरू तिचं, खरं आहे. वडूजला माहेरी गेली होती तेव्हा पिशवीतून आणलं. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकल्या. मी तेव्हा सीमेवर. अमर शिकायला बाहेर. ती आणि हा, दोघंच या घरात. सुट्टीवर आलो की पहिले दोन दिवस माझ्यावर भुंकायचा. माझ्याच घराच्या फाटकात बॅग घेऊन उभा, आणि शा. आतून हसतीय, "आवं, घरचं माणूस हाय रं ते." तिसऱ्या दिवशी शेपूट हलवायचा. तोवर सुट्टी संपत आलेली.

आणि आता त्याची राखण माझ्याकडे.

१६ ऑक्टोबर

अमरने पुण्यात बसून फोनवर सांगलीच्या कुत्र्यांच्या स्पेशालिस्टची वेळ घेतली. जीप ठरवून गेलो. टि. कराडपर्यंत ओरडला, पुढे ओकला, मग झोपला. दवाखान्यात ए.सी. शेजारच्या बाईच्या मांडीवर स्वेटर घातलेलं पिल्लू. "कुठली ब्रीड?" म्हणाली. म्हटलं गावठी. तिने पिल्लू दुसऱ्या मांडीवर घेतलं.

स्पेशालिस्टने आमच्या डॉक्टरचंच इंग्रजीत सांगितलं.

संध्याकाळी अमरचा फोन. "बाबा, समाधान झालं ना?" कोणाचं ते म्हणाला नाही.

२४ ऑक्टोबर

जगू आला होता. शेजारचा जगू, आमची भिंत एकच. चप्पल न काढता अंगणात उभा. म्हणजे काहीतरी बोलायचं आहे.

"सुभेदार, आवं त्या कुत्र्याचं बघा की काय तरी. रातभर रडतंय. आमच्या आईचं काय खरं न्हाई, आन् हे असं रडाय लागलं की बायका-पोरं भ्यात्यात."

कुत्रं रडलं की आसपास कोणीतरी जातं म्हणतात. जगूची आई, हौसाआत्या, गणपतीपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना बघून भ्यायचं सोडून कुत्र्याला भितात.

म्हटलं, "रडत न्हाई रं त्यो. त्याला कळंना झालंय, कुठं हाय ते."

"व्हय, पर मरणाऱ्याला काय समजावून सांगता येतंय का ते?"

जगू माणूस वाईट नाही. माझी मोटर जळली तेव्हा आठवडाभर पाणी त्याने दिलं. आणि आत्यांनी तर स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. चालत्या-फिरत्या होत्या तोवर रोज भिंतीवरून टि.ला भाकरी टाकायच्या. अजून हा संध्याकाळी भिंतीखाली जाऊन उभा राहतो. बाकी सगळं विसरला, हे नाही. किंवा तेही विसरलाय, नुसते पाय जातात.

२ नोव्हेंबर

शा. दिवाळीला येत नाही. पोराला खोकला. "तुमीच या की इकडं."

"टि.ला कोण बघणार?"

"जगूच्या घरी सांगा."

जगूच्या घरी! हसू आलं, रागही आला. फोन ठेवला. गोडाचं काही केलं नाही. बेकरीतून शंकरपाळ्या आणल्या. फटाके वाजले तसा टि. पलंगाखाली शिरला आणि परत कसं निघायचं ते त्याला सुचेना. पलंग उचलून काढला. कंबर धरली आहे.

१३ नोव्हेंबर

ताप. कणकण, अंग मोडून येतं. शा.ला म्हटलं, दोन दिवस येऊन जा. म्हणाली, सुनबाईची सुट्टी संपली, पोराला कोणाकडे ठेवू. बरोबर आहे. सगळ्यांचं सगळं बरोबर असतं.

रात्री उठलोच नाही. उठवेना. सकाळी टि. न्हाणीघरात बादलीमागे अडकलेला, थरथरत होता. मला बघून चाटला वगैरे नाही. मी कोण ते त्याला माहीत नाही. तरी ज्याने सोडवलं त्याच्या पायाला टेकून उभा राहिला. मी पण उभा राहिलो. दुसरं काय होतं करायला.

२६ नोव्हेंबर

हौसाआत्या गेल्या. भर दुपारी. टि. तेव्हा पेरूखाली घोरत होता. हे कोणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

तिरडीला खांदा द्यायला पुढे झालो, तर जगूचा मेहुणा मध्ये घुसला. मी मागे चालत गेलो. जगूची बायको दुसऱ्या बाईला सांगत होती, "लय दिस झालं बोलावत हुतं ते." बोलावत! त्याला स्वतःचं नाव हाक मारलं तर कळत नाही.

२ डिसेंबर

शा. येतीय. आत्यांच्या दहाव्याला. आदल्या दिवशी येणार, अमरच्या गाडीतून.

मी दिवाळीला बोलावलं, नाही. तापात बोलावलं, नाही. जगूची आई गेली तर येतीय. "शेजार हाय, लोक काय म्हणतील?" बरं. लोकांना धन्यवाद.

तरी आनंद झाला, खोटं कशाला लिहू. घराकडे बघितलं तर लाज वाटली. सगळीकडे मुताचा वास, भिंतीला टि.च्या अंगाचा काळा पट्टा, जिथून फेऱ्या मारतो तिथून.

३ डिसेंबर

इन्स्पेक्शनची तयारी. साहेब येणार म्हटल्यावर आम्ही झाडंसुद्धा रंगवायचो. पेरूला चुना, वर गेरूचा पट्टा. फाटकापर्यंतच्या विटा, एक पांढरी एक तांबडी. आतल्या भिंतींना डिस्टेंपर. फरशी फिनेलने तीनदा. पलंग खिडकीखाली, कपाट पलंगाच्या जागी. टि.चं गोणपाट कुजल्यागत झालं होतं, जाळलं. नवं टाकलं. टि.ला पण शांपूने धुतला.

फार दिवसांनी घर घरासारखं दिसलं. शा. बघेल तर म्हणेल, माणसाने ठेवलंय नीट.

४ डिसेंबर

मी गाढव आहे. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, वस्तू हलवू नका, वासावर चाललंय. मी वासच धुऊन काढला.

कालपासून टि.ला घरातलं काही सापडत नाही. नव्या गोणपाटावर बसत नाही, जुनं शोधतो. भिंतीला घासत जायचा ती भिंत त्याला अनोळखी. कपाटावर तोंड आपटलं. पेरूखालीसुद्धा जाईना, चुन्याला शिंकतो.

दुपारी शा. आली. गाडीतून उतरली ती त्याच्याकडेच. "टिकल्या, आरं बाळा." टि.ने मान वर केली, मागे सरला आणि तिच्यावर भुंकला. लांबच्या माणसावर भुंकतात तसा. ती खाली बसली, हात पुढे केला. त्याने दात दाखवले.

ती पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, इतक्या वर्षांचं उट्टं निघेल. नाही वाटलं. मला त्या भुंकण्याची सवय आहे, तिला नव्हती.

मग डोळे पुसून म्हणाली, "काय केलंसा ह्येचं? हे काय जगणं हाय का? कशाला ठिवला असा?"

"तूच म्हणालीस, हात लावू नगा म्हणून."

"मला काय म्हाईत असं हाय?"

फोनवर रोज सांगत होतो. घराला रंग दिलाय, हे तिच्या लक्षात आलं नाही.

५ डिसेंबर

रात्रभर टि. रडला. या वेळी खरंच रडला, मी सुद्धा रडणंच म्हणेन. जगूकडे सगळे पाहुणे मुक्कामाला. सगळ्यांनी ऐकलं.

सकाळी नदीवर दहावा. पिंड ठेवले. कावळे लिंबावर बसलेले, एक खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं, म्हातारीची काय इच्छा राहिली. जगू हात जोडून, "आई, पोरीचं लगीन थाटात करीन." नाही. "धाकट्याला विहिरीत वाटा देतो." धाकटा चमकून वर बघायला लागला, कावळ्याने बघितलंही नाही. ऊन चढलं. मग भावकीतला एक म्हातारा बोलला, "आरं, शेवटाला तिला त्या कुत्र्यानं झोपू दिलं न्हाई. त्याचं बोला की."

सगळी मुंडकी माझ्याकडे. जगू म्हणाला, "सुभेदार, तुमीच पुढं व्हा. आईला शब्द द्या."

मी उभाच. भाकरी टाकायची ती बाई, तिची इच्छा ही असेल? असली तर, माझ्यामागं त्याला कोणीतरी तुकडा टाका, अशी असेल. हे बोलायला हवं होतं. मागून बायकांतून शालनचा आवाज आला, "आवं, म्हणा की."

पुढे झालो, हात जोडले. म्हणालो, "आत्या, कुत्र्याचा बंदोबस्त करतो." मागे सरकलो, माझ्याबरोबर सगळे सरकले, आणि कावळा आला.

माणसं लांब झाली, पिंडाजवळ मोकळं झालं, म्हणून आला. पण हे आता कोणाला सांगायचं. सगळ्यांनी श्वास सोडला. जगूने माझे हात धरले, डोळ्यांत पाणी. शब्द गेला तो गेला.

जेवून लगेच शा. आणि अमर निघाले, पोर एकट्या सुनेकडे. अमर गाडीत बसता बसता म्हणाला, "बाबा, हे उरकलं की तुम्ही पण या. घर बंद करू, नाहीतर भाड्याने देऊ. इथं एकटे काय करणार?"

शा. म्हणाली, "व्हय, या. हॉलमधी सोफा हाय, त्यो उघडतोय."

तिने टि.कडे वळून बघितलं नाही. बघवलं नसेल. की मीच तिची बाजू घेतोय.

७ डिसेंबर

डॉक्टरांना फोन केला. दहा तारखेला येतो म्हणाले. शा.ला कळवलं. तिने किती वाजता ते विचारलं. मग, "त्याला आधी दूध-भाकरी द्या."

पलंग परत जुन्या जागी ओढला. कपाट पण. एकट्याने. गोणपाट जळालं, ते कुठून आणू? माझी जुनी फौजी कांबळ होती, तिला माझा वास, ती टाकली. टि. वास घेत राहिला, तीन-चार गिरक्या मारल्या, बसला.

८ डिसेंबर

जगू सांगायला आला, "खड्डा आमच्या बांधाला काढून ठेवलाय, आंब्याखाली. तुमी काय कष्ट करू नगा." बायकोने दिलेली भाजी पण घेऊन आलेला. मेथीची. आता त्याच्यावर चिडायचं तरी कसं. भाजी खाल्ली. चांगली होती, त्याचाही राग आला.

९ डिसेंबर

रात्री टि. उठला, मी पण उठलो. रडला नाही. घराला फेऱ्या मारल्या, तो पुढे, मी मागे. भिंतीवर परत काळा पट्टा उमटायला लागलाय.

स्पष्ट लिहून ठेवतो, उद्या कोणी विचारणार नाही. मला हे नको आहे. दया-बिया नाही. हा आहे तोवर मला कोणी सोफ्यावर झोपायला बोलावू शकत नाही. हा गेला की घराला कुलूप. या जनावराने मला कधी आपलं मानलं नाही, आणि मला माझ्या घरात ठेवणारा आता हाच एक उरलाय.

पण मग हाल कोणाचे चाललेत, त्याचे, आणि कोणासाठी

१० डिसेंबर

दूध-भाकरी दिली. सगळी खाल्ली, ताट चाटून. मग कांबळीवर गाढ झोपला. आजच बरी झोप लागायची होती.

जगू भिंतीपलीकडे घुटमळतोय, खाकरतोय. शा.चे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

आत्ता रस्त्यावर डॉक्टरांची मोटरसायकल थांबली. टि. आवाजाने उठला, फाटकापर्यंत गेला आणि बिजागरीकडे तोंड करून उभा राहिलाय. डॉक्टर बाहेरून हाक मारतायत, "सुभेदार, कडी काढा." कडी दुसऱ्या बाजूला आहे. वही हातात घेऊन मी टि.च्या शेजारीच उभा आहे.