गंजासुराने माफी का मागावी

प्रिय मामा,

(आईने "तीर्थरूप" लिही म्हणून दटावलं होतं; ते या कंसात पोचलं असं समजा.) नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे बाबांचं घोरणं आणि माझं वजन दोन्ही जिथल्या तिथे आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मागच्या पर्वात पाण्याच्या टाकीवरून मारलेली उडी तुमची नव्हती हे मी लगेच ओळखलं (तुमच्या पोटऱ्या मी लहानपणापासून पाहतेय, त्या इतक्या घोटीव कधीच नव्हत्या) आणि जिवाला बरं वाटलं. मामींना नमस्कार. त्यांच्याकडूनच कळलं की मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या सहाव्या भागाची संहिता तुम्ही परत पाठवलीत. कारण काय, तर त्यात तुमचा गंजासुर एका गिरणीच्या पहारेकरीण बाईची माफी मागतो. "माफीच मागायची असती तर खलनायक कशाला झालो असतो?" असं तुम्ही म्हणालात म्हणे. आणि सोमवारपर्यंत तुम्ही हो म्हटलं नाहीत, तर ते मालिकावाले गंजासुराला तिसऱ्याच भागात तळ्यात बुडवून मारणार आहेत. गंजाला, मामा! पाण्यात! ज्यांना एवढंही कळत नाही त्यांच्या हातात तुम्ही स्वतःला सोपवणार?

मी हे भाची म्हणून लिहीत नाहीये. भाचीला तुमच्यातलं काय कळतं? मी 'चुंबकवीर'ची तिन्ही पर्वं पाहिलेली (दुसरं तीनदा) प्रेक्षक म्हणून लिहितेय, आणि या विषयात माझ्याहून जास्त कळणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. आमच्या डॉक्टरबाईंना आपल्याला कळतं असं वाटतं. त्याच गैरसमजातून मंगळवारी दवाखान्यात जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

मी दातांच्या दवाखान्यात नऊ वर्षं मदतनीस आहे हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरबाई दाढ पोखरतात, आणि मी पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी धरते. बाईंचा हात सोन्यासारखा, पण मतं सिमेंटची. त्या चुंबकवीराच्या भक्त. मंगळवारी खुर्चीत एक बसचालक होते. दारात मावणार नाही एवढा माणूस, त्यात ओठांवरून ओघळणाऱ्या झुपकेदार मिशा. जबड्याला भूल दिलेली, तोंड आ वासलेलं. बाईंनी दाढेत यंत्र घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचा तो गंजासुर शेवटपर्यंत नालायकच राहणार बघा. माणूस बदलत नाही."

आता हे ऐकून घ्यायचं? मी म्हटलं, बाई, बदलत नाही तो तुमचा नायक. पहिल्या पर्वात लोखंडाचा पूल स्वतःकडे खेचताना तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "लोखंड माझं ऐकतं!" मग त्याचं घर जळालं, आई गेली, जिवलग मित्र उलटला, आणि तिसऱ्या पर्वाच्या शेवटी तो काय म्हणाला? कमरेवर हात, तोच भांग, "लोखंड माझं ऐकतं!" अहो, लोखंड ऐकतं, पण तू कुणाचं ऐकलंस का रे बाबा? याला व्यक्तिरेखा म्हणत नाहीत, याला पुतळा म्हणतात. बाई म्हणाल्या, "याला निष्ठा म्हणतात. नळी आत घ्या." पेशंटने "आँ" केलं. बाईंनी ते आपल्या बाजूने धरलं, मी माझ्या.

मग मी गंजासुराकडे वळले. पहिल्या पर्वात तो नुसता बोट लावायचा, लोखंड गंजवायचा आणि हसायचा. कबूल. लहान मुलाच्या हातात रंग दिल्यासारखं होतं ते. पण दुसऱ्या पर्वाचा एकोणिसावा भाग? त्याच्या करणीने म्हाताऱ्या घड्याळजीची चाकाची खुर्ची भर रस्त्यात गंजून अडकते, आणि गंजासुर ते खिडकीतून बघतो आणि हसत नाही. अकरा सेकंद. मी मोजलेत. चेहऱ्यावरची एक रेघ हलत नाही, तरी त्या खिडकीतून परत वळतो तो वेगळाच माणूस असतो. म्हणून तर तिसऱ्या पर्वात तो हातमोजे चढवून मुलांच्या बागेतला झोपाळा रंगवायला जातो, आणि मोजा फाटतो, आणि ब्रशची पत्र्याची पट्टीच त्याच्या हातात गंजून केस गळून पडतात. मामा, ते दृश्य बघताना बाबा उठून स्वयंपाकघरात गेले होते. पाणी प्यायला, म्हणाले. ग्लास हातातच होता.

तर ते अकरा सेकंद कसे होते हे बाईंना दाखवावं म्हणून मी तुमच्यासारखी मान तिरकी केली, श्वास धरला आणि खिडकीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहताना नळीकडे बघता येत नाही, हा त्या दवाखान्याच्या रचनेतला दोष आहे. सातव्या सेकंदाला सुर्रर्र असा आवाज झाला आणि चालकांची डावी मिशी मुळापर्यंत नळीत गेली. ते ओरडले (भूल असल्यामुळे गायल्यासारखं ऐकू आलं), बाईंनी नळी ओढली, नळीबरोबर मिशी आली, मिशीबरोबर चालक आले, आणि त्यांचा पाय पाण्याच्या खटक्यावर पडून कारंज्याची धार थेट बाईंच्या चष्म्यावर गेली. बाहेर वाट बघणारे तीन पेशंट दारात येऊन उभे राहिले. त्यातला एक तिथूनच घरी गेला.

मी यंत्र बंद केलं. मिशी सुटली (शाबूत आहे, पण अजून वर बघते म्हणे). मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. पण चालकांनी चूळ भरली, अर्ध्या तोंडाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या बरोबर शांगतायत." मग म्हणाले, की एकोणीस वर्षं ते धावत येणाऱ्यांच्या तोंडावर बसचं दार लावत आले, वेळ म्हणजे वेळ. तो भाग पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी आरशात एक बाई दोन पिशव्या घेऊन धावताना दिसली. "थांबलो. का ते कळलं नाही. पण थांबलो." आणि रोज थांबता का, असं मी विचारल्यावर प्रामाणिकपणे म्हणाले, "रोज नाही. पण आता दार लावताना वाईट वाटतं."

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाल्या, "मिशीचं... माफ करा." नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा ऐकले, मामा. चालकांनाही कसं वागावं कळेना, ते आपणहून पुन्हा खुर्चीत आडवे झाले. आता मुद्दा नीट ऐका. त्यानंतर बाईंची जरब कमी झाली का? पुढचा पेशंट आत आला तो नेहमीसारखाच थरथरत, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडून. उलट दारातून सगळं पाहिलेलं असल्यामुळे जरा जास्तच. तेव्हा माफी मागितली की लोक घाबरायचे थांबतील ही भीती काढून टाका. फक्त त्या दृश्यात रडू नका, आवाज घोगरा करू नका आणि पहारेकरीण बाईच्या खांद्यावर हात ठेवू नका (तिच्या बिल्ल्याला गंज लागेल, आणि लेखकांच्या ते लक्षात आलेलं नसणार). नुसतं म्हणा. बाकीचं मी इथे सोफ्यावर बसून समजून घेईन.

सोमवारच्या आत होकार कळवा. तब्येतीला जपा.

तुमची,
चिमी

ता. क. मालिकेच्या कचेरीत "एक जाणकार प्रेक्षक" अशा सहीचं सोळा पानी पत्र गेलं आणि माफीचा प्रसंग त्यावरून घातला, असं तुमच्या कानावर आलं असेल. त्या प्रेक्षकाचं अक्षर या पत्रातल्या अक्षरासारखं दिसलं, तर तो योगायोग नाही. पण प्रसंग चांगला आहे की नाही, ते बोला.

आणखी एक ता. क. प्रसंग गंजासुरासाठी सुचवला, हे पूर्ण खरं नाही. गेल्या वर्षी मुलाखतीत तुम्ही हसत हसत सांगितलंत, की ते राक्षसी हसणं तुम्ही थोरल्या बहिणीकडून उचललं. त्यानंतर किराणा दुकानात एका बाईने आईला "एकदा हसून दाखवा ना" म्हटलं. तेव्हापासून आई तोंडावर हात धरून हसते, आवाज न करता. आठ महिने झाले. तुम्ही फोन केला नाहीत, तिने केला नाही. एरवी मी हे लिहिलं नसतं, पण काल बाबा घसरून धुण्याच्या टोपलीत बसले आणि तरी घरात आवाज झाला नाही. म्हणून म्हणते, माफीची तालीम लागेलच, ती आईवर करा. पहिल्या फोनला ती उचलणार नाही. दुसऱ्याला उचलेल आणि गप्प राहील. ठेवू नका. तिथला संवाद कुणी लिहिलेला नाही, तुमचा तुम्हालाच म्हणावा लागेल.