मान वर न करता

दि. ९ जुलै

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघे दुखत असताना खुर्चीवर चढून जळमटं काढलीस, हे वाचून हसावं की रागवावं ते कळेना.

माझ्या वर्गाचं विचारलंस. कॉलेजने कर्णबधिर मुलांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग काढला आणि तो माझ्या गळ्यात पडला. हातांनी बोलायला लागली की ही मुलं इतकी वाचाळ की मला मधे हात घालायला जागा देत नाहीत. कागद पुढे ठेवला की मात्र दगड. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जिथे दिसेल तिथली ओळ उचलायची आणि उत्तर म्हणून उतरवायची. स्वतःचं एक वाक्य नाही. शब्दाशब्दाला मान वर करून माझ्या तोंडाकडे बघतात. चुकलं की माझी डावी भुवई चढते म्हणे. त्यांनी माझं नावच तसं ठेवलंय. भुवईला बोट लावून वर उचललं की झाले मी. पुस्तक नाही वाचत गं, भुवई वाचतात.

वर्षअखेरच्या लेखी परीक्षेत निम्मी तरी पास झाली नाहीत तर वर्ग बंद करू, असं प्राचार्यांनी बजावलंय. सगळ्यात हुशार मुलीला आम्ही गालावर बोट टेकवून हाक मारतो, म्हणजे खळी. नापास झाली तर वडील तिला मामाच्या कारखान्यात खोकी भरायला बसवणार आहेत. तीसुद्धा भुवईवरच चालते. तू कुणी न शिकवता वाचायला शिकलीस. कशी, ते सांग.

लोभ असावा, कानउघाडणीही असावी.

तुझी भाची

दि. १७ जुलै

चि. ठमीस, अ. उ. आ.

जळमटं मी नाही काढायची तर काय ती आपणहून उतरणार आहेत?

हे होते तोवर मी वाचलंच नाही. अक्षरओळख होती, दुकानाच्या पाटीपुरती. संध्याकाळी हे पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी भाजी निवडत ऐकायची. हे गेल्यावर पेपर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. रोज दारात पडायचा. शेवटी एक दिवस उघडून बसले. शब्द अडला की सवयीने यांच्या खुर्चीकडे बघायची. खुर्ची काय सांगणार? मग बघणं सोडलं. मान खाली घालून तीच ओळ पुन्हा वाचायची, ती सांगेपर्यंत. विचारायला कुणी उरलं नाही म्हणून मला वाचता आलं. यात शहाणपण काही नाही.

तू त्यांच्या पुढे उभी राहूच नकोस. मागे जा. कुणी मान वळवली तर हाताने पुन्हा खाली घाल. रुसतील. रुसू देत.

आठवण आहेच, ती पत्राने ताजी ठेव.

तुझी मावशी

दि. २ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

आधी सगळे रुसले. दोघं तर वर्गाला यायचेच थांबले होते. पण आता ऐक. नावाड्याचा एक उतारा दिला होता. नावाडी कशाला घाबरला, असा प्रश्न मी मुद्दाम तिरका विचारला. खळीने लिहिलं: नावाडी घाबरला नव्हता. तो थकला होता. हे वाक्य उताऱ्यात कुठेच नाही, मावशी. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

काल प्राचार्य वर्गात येऊन उभे राहिले आणि निघूनही गेले, कुणाला पत्ता नाही. सगळ्यांच्या माना खाली. साहेब खूश होते.

तुझ्या युक्तीला माझा दंडवत, गुडघ्यांना औषध लाव.

तुझी भाची

दि. २१ एप्रिल

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला. वर्ग बंद झाला.

परीक्षेत उताऱ्याखाली दुसऱ्याच उताऱ्याचे प्रश्न छापले गेले होते. विषय माझा, म्हणून मला आत सोडलं नव्हतं. पर्यवेक्षकांनी चूक मोठ्याने सांगितली, खरे प्रश्न फळ्यावरही लिहिले. त्याच दालनात हाच पेपर लिहिणाऱ्या, ऐकू येणाऱ्या बाकीच्या मुलांनी मान वर करून ते उतरवून घेतले. माझ्या मुलांपैकी एकानेही मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर खळी माझ्याकडे धावत आली. स्वतःच्या मानेवर हात ठेवून ती खाली दाबून दाखवली. शेवटपर्यंत एकदाही वर केली नाही, असं सांगत होती. हसत होती. मला अजून काही ठाऊक नव्हतं, मी तिची पाठ थोपटली.

प्राचार्यांनी तिची उत्तरपत्रिका दाखवली. प्रत्येक प्रश्नाखाली तिने लिहिलंय: याचं उत्तर या उताऱ्यात नाही. एकही अक्षर चुकलेलं नाही. शून्य. मी म्हटलं, ही वाचते आहे, हे तरी बघा. ते म्हणाले, फळ्यावर लिहिलं होतं, आणखी काय करायचं होतं. वाईट माणूस नाही.

खळी सोमवारपासून कारखान्यात जाते. मला ऑफिसात टेबल दिलंय. लोभाचं काय लिहू, तो तुझ्याकडे आहेच.

तुझी भाची

दि. ३० एप्रिल

चि. ठमीस, अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. होईल सगळं ठीक, असं मी लिहिणार नाही. हे गेले तेव्हा जो तो तेच म्हणायचा आणि वर चहा मागायचा.

युक्ती माझी होती. तू नाही म्हणशील, मी समजूत पटल्यासारखं करीन, त्यात टपालाचा खर्च कशाला. माझ्या घरात मान खाली घातली तरी चालतं, कारण मला हाक मारणारं कुणी नाही. त्या मुलांना जग हाक मारणार होतं, आणि ती ऐकायला त्यांच्याकडे डोळेच होते. हे मला सुचलं नाही.

खळीला माझा पत्ता दे. खोकी भरून हात दुखत असतील, लिहिणार नाही कदाचित. तरी दे.

काल वाचता वाचता मी मान वर केली. पुष्कळ वर्षांनी. समोर यांची खुर्ची. थोडा वेळ बघत बसले. मग पुन्हा खाली बघितलं, तर ओळ सापडेना.

जमेल तेव्हा ये. काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी मावशी