कोपर चोळायचं नसतं

प्रिय नाना,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. हुरळून जाऊ नका!

नाशिकच्या दवाखान्यात एक्स-रेच्या दाराबाहेर बसलेय. आत तुमची नात आहे, दादाची चिमी. परवा झोक्यावरून पडली, कोपर मोडलं. आणि दादानं काय केलं? तुमचीच तेलाची वाटी काढली! म्हणे, "नानांचा गुण माझ्या हातात उतरलाय." मी सातपूरहून आपल्या गावी, सायखेड्याला जाऊन पोरीला भांडून घेऊन आले.

माझं कोपर मोडलं तेव्हा मीही चिमीएवढीच, आठ वर्षांची होते. सगळा तालुका हाडं बसवायला तुमच्या ओट्यावर यायचा. आई म्हणाली, हिला डॉक्टरकडे नेऊ. तुम्ही कडाडलात, "माझीच पोर डॉक्टरकडं गेली तर लोक काय म्हणतील? लय डॉक्टर पाह्यलेत मी!" मग महिनाभर रोज चोळलंत. मी किंचाळायचे, तुम्ही चोळायचात. हात तिथंच आखडला तो आखडलाच.

घास तोंडापर्यंत पोचेना, म्हणून डाव्या हातानं जेवू लागले, तर त्यावरही तुम्हीच वसकन अंगावर यायचात! लाज नाही वाटली?

आता मी सहावीला सांधे शिकवते. खांदा उखळीचा, चहूकडे फिरतो. मनगटातली हाडं एकमेकांवर सरकतात. कोपर दाराच्या बिजागरीसारखं, एकाच दिशेनं मिटतं. कवटीचे सांधे मात्र जागचे हलत नाहीत. तिथं आलं की हटकून तुमची आठवण येते. मुलं विचारतात, "मॅडम, तुमची बिजागरी गंजली का?" काय सांगू त्यांना?

गाव अजून म्हणतं, नाना मोडले पण वाकले नाहीत. साफ खोटं! न्हाणीत पडून तुमचा खुबा मोडला, तेव्हा घरात मी एकटीच होते. रडत माझे पाय धरलेत, "पोरी, मला मोठ्या दवाखान्यात ने." मी म्हटलं, "थांबा, तेल कोमट करते." आणि केलंही. तासभर तुम्हाला तसंच ठेवलं, मग गाडी बोलावली. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. वाटायला हवं ना?

आत्ताच डॉक्टर बाहेर आले. "याला कोणी चोळलं नाही ना?" मागोमाग आलेला दादा खाली बघत म्हणाला, "दोनदाच." डॉक्टर तडक आत गेले.

वचन देते, नाना. चिमीचा हात वाकला तरी आणि नाही वाकला तरी, येत्या वर्षश्राद्धाला भरल्या पंगतीत उभी राहून सांगेन, शेवटी तुम्ही कोणाचे पाय धरलेत आणि कशासाठी. तो तासही सांगेन. लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. पण त्यानंतर दादाच्या ओट्यावर एकही लेकरू चढणार नाही.

तुमचीच, इलाज नाही,
कुसुम