आग्रह नको म्हणून

शनि., ३ मे
वॉर्डवरून घरी आले तर डायनिंग टेबलावर पुन्हा लग्नच. हॉलवाल्यांचा ईमेल: बार तुमच्या खर्चानं, की ज्यानं त्यानं विकत घ्यायचं? मी कोटही न काढता म्हटलं, ज्याचं त्यानं घ्यावं. सुधीर चष्मा काढून बघतच राहिला. "पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायचं आणि आत गल्ला मांडायचा? तू कधीपासून इतकी चिक्कू झालीस?"
झाले. पाय दुखत होते, वाद घालायला त्राण नव्हतं.

रवि., ४ मे
मिहिका आली. लग्न तिचं, तेव्हा तिचंही मत. "आई, टॉमची फॅमिली पे बार करते, पण आपले लोक नाही करत. सगळे काय बोलेल!" बोलू देत. टॉमच्या आईला, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंना, तर ते परफेक्टली नॉर्मल वाटतं. म्हणजे इंग्रज माझ्या बाजूनं, घरचे विरुद्ध.
खरं कारण सांगायची सोय नाही. दादा. माझा सख्खा भाऊ, मिहिकाचा एकुलता एक मामा. तोच तिला हाताला धरून बोहल्यावर आणणार. गेल्या गणपतीपासून थेंब घेतलेला नाही त्यानं. लिव्हरचा रिपोर्ट किती वाईट होता ते वहिनीला आणि मलाच माहीत. बाकीच्यांना तो अजून तोच, मैफल जमवणारा. आणि आपली माणसं! नको म्हटलं की हातात नवा ग्लास. "अहो मामा, भाचीचं लग्न आहे, आमच्यासाठी एक!" फुकटची असली की आग्रहाला ऊत येतो. स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ आली की बसतील गप्प.

मंगळ., ६ मे
जिंकले. सुधीर म्हणाला, "कर तुला हवं ते." ह्या वाक्यानंतर तो दोन दिवस बोलत नाही. हॉलला कळवून टाकलं.

शनि., १७ मे
वेम्बलीला खरेदी. बरोबर माधुरीताई, म्हणजे सुधीरची बहीण. साडीच्या दुकानात सगळ्यांसमोर, "काय गं, ऐकलं ते खरं? आम्ही सुटे घेऊन यायचे का?" मी हसले. आतून नुसता तिळपापड. तीस वर्षं ह्यांच्या पाहुण्यांना वाढून वाढून कंबर गेली माझी, आणि आता मी चिक्कू. घरी येऊन भांडी आपटली. सुधीरनं टीव्हीचा आवाज वाढवला.

गुरु., २९ मे
लेस्टरहून दादाचा फोन. वहिनीकडून कळलं असणार. "बार विकतचा माझ्यासाठी केलास ना?" रागावला असता तर बरं, हा हसला.
"अगं वेडे, एवढी वर्षं इथे काढलीस, पण पब काही कळला नाही तुला. फुकट असलं की जो तो आपापलं घेतो. माझ्या हातात नुसतं टॉनिक वॉटर आहे की आणखी काही, कोण बघायला येतंय? विकत असलं की राउंड सुरू, पाळीपाळीनं एकेकानं सगळ्यांसाठी आणायचं. बारकडे जाणारा प्रत्येक जण विचारणार, मामा, तुमच्यासाठी काय आणू? इथली रीतच आहे ती."
मग म्हणाला, "एकदा नाही म्हणता येतं गं मला. पुन्हा पुन्हा नाही जमत."
हे मला सुचलंच नाही. जिनं आयुष्यात कधी ग्लास हातात धरला नाही ती बारचे नियम ठरवायला निघाली! वर त्याची ताकीद, मिहिकाला कळता कामा नये. "माझा हात धरून येईल तेव्हा तिनं मला पेशंट समजू नये."
फोन ठेवला आणि रडले.

शुक्र., ३० मे
हॉलला फोन केला. बदलून मिळालं, बार आता आमच्याकडून. सुधीर म्हणाला, "आता काय झालं?" काही नाही, तुझंच बरोबर होतं म्हटलं. इतका खूश झाला की लगेच बहिणीला फोन. "मी समजावलं तिला." चला, कुणीतरी खूश.
पण आता आग्रहाचं काय? दादा म्हणतो बघून घेईन. तो आधीही हेच म्हणायचा.

शनि., १४ जून
लग्न लागलं. दादानं फेटा बांधला होता, झकास दिसत होता. मिहिकाला घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले. मी तर अक्षता टाकायच्याच विसरले.
आता वरच्या खोलीत रिसेप्शनची साडी नेसायला आलेय. वहिनी निऱ्या धरायला बसलीय. सहाला बार उघडेल.
मघाशी दादा दारातून डोकावला. "आज माझ्याकडे बघत बसू नकोस हं. पाहुण्यांकडे बघ. तुझ्या त्या बघण्यानंच जास्त प्यावीशी वाटते मला."
नाही बघणार, म्हटलं. खालून सुधीर हाका मारतोय. जाते.