दस्ता मर्टनकडे

३ एप्रिल

पिस्तुलाला मागून लावायचा दस्ता आला! तपकिरी खोक्यात, दारातल्या चिखलात. काळा, हलका, खांद्याला टेकायला रबर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याच्या, ऑरेलच्या पिस्तुलाशेजारी ठेवला आणि नुसती बघत बसले. पेच आहे, पाना आहे – फक्त माझा डावा हात नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्याने बटाटा धरवत नाही, पेच कुठला? उद्या कुणाला तरी बोलावते.

दस्ता खांद्याला टेकला की डाव्या हाताचं काम संपलं. रायफल मला उचलवत नाही, नळीचं वजन सगळं डाव्या हातावर येतं. पिस्तूल नुसत्या उजव्यात थरथरतं. दस्ता लावला की झालं. चाळीस वर्षं दर गुरुवारी ऑरेल आणि मी क्लबात शेजारी शेजारी उभे राहून नेम मारत आलो. आधी तो गेला, मग हात गेला. आता मी बाकावर बसून दुसऱ्यांचे गुण लिहिते आणि सगळे म्हणतात, बरं झालं व्हर्ना, तुझा वेळ जातो. मला वेळ घालवायचा नाही. ऑक्टोबरात हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेत उतरायचं आहे.

४ एप्रिल

माझीच चूक. मर्टनला फोन केला, पेच किती आवळायचा ते विचारायला. बंदुकांची दुरुस्ती आमच्याकडे तोच करतो, वडिलांपासूनचं दुकान. त्याने आधी दस्ता कुठला ते विचारून घेतलं. मग, "लावलास?"

"नाही अजून."

"हात लावू नकोस. येतो."

बारा मैल, या चिखलाच्या दिवसांत! गुडघ्यापर्यंत माखून आला. टोपी काढली नाही, तो कधीच काढत नाही. उभ्याउभ्याच सांगितलं – दस्ता नाही तोवर हे पिस्तूल. दस्ता लावला की कायद्याने ही रायफल. आणि सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल सरकारच्या मंजुरीआधी बनवली तर तुरुंग.

"अरे, पॉइंट बावीसची आहे ती, बारीक गोळीची. खारी मारायची."

"बावीसची असो नाहीतर तोफ."

"मग दस्ते उघड विकतात कसे?"

"विकायला बंदी नाही. लावायला आहे. आणि दोन्ही एका छपराखाली सापडली, तर तुला लावायचाच होता असं म्हणायला कुणाला किती वेळ लागतो?"

दस्ता काखोटीला मारून निघाला. वर पावती दिली! कॉफीलासुद्धा थांबला नाही. ऑरेल म्हणायचा, मर्टन आरशात बघताना स्वतःकडे ओळखपत्र मागतो. खडूस म्हातारा.

५ एप्रिल

अजून राग गेलेला नाही.

१२ एप्रिल

अर्ज भरायला दुकानात गेले. मर्टनने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, दोनदा. "बनवणारा" या रकान्यात माझं नाव आलं. मी कसली बनवणार, म्हटलं. तो म्हणाला, मंजुरी आली की कायद्याने तूच. पिस्तुलावर तुझं नाव आणि गाव कोरावं लागेल.

मग बोटांचे ठसे. दहाही बोटांचे. उजव्या हाताचं पटकन झालं. डाव्याची बोटं वळलेली, आखडलेली – शाई सगळी फिसकटली. एक कार्ड वाया, दुसरंही वाया. मला रडू यायला लागलं, आणि मर्टनसमोर रडायचं म्हणजे! म्हटलं, जाऊ दे, नको मला दस्ता.

मर्टन उठला. मागच्या खोलीतून कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि माझा हात त्यात धरून बसला. दहा मिनिटं तरी. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाला, "नंतर ये." मग एकेक बोट उलगडून, पुसून, शाईवर हळूच फिरवलं. करंगळी सगळ्यात शेवटी. ठसे असे आले की पुस्तकात छापावेत. झटक्यानंतर त्या हाताला डॉक्टरशिवाय कुणी धरलं नव्हतं. सगळे उजव्या बाजूनेच भेटतात.

खडूस नाही म्हणणार यापुढे. निदान या वहीत.

१३ एप्रिल

अर्ज टपालात. दोनशे डॉलरांचा चेक सोबत. नखाखालची शाई निघत नाही.

३० मे

काही नाही.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, बटाट्याचं सॅलड, डास. लुसिअन आला होता – ऑरेलचा पुतण्या, ट्रक चालवतो. बंदुकांच्या प्रदर्शनातून अगदी तसाच दस्ता घेऊन आलेला. "काकू, दोन मिनिटांचं काम आहे. मागच्या कुरणात जाऊ, दहा गोळ्या मार, परत काढून ठेवू. इथे गाईंशिवाय बघतंय कोण?"

खरं लिहायचं तर हात शिवशिवला. दहा गोळ्या! तीन वर्षांत एक मारलेली नाही. पिस्तूल आतल्या तिजोरीत, दस्ता त्याच्या हातात.

मग डोळ्यांसमोर ते घमेलं आलं. एवढा माणूस माझी करंगळी उलगडत बसला आणि मी कुरणात जाऊन दहा गोळ्यांसाठी त्याच्या तोंडाला काळं फासू? लुसिअनला म्हटलं, "गाडीत ठेव. आणि गाडी माझ्या फाटकाबाहेर लाव."

"काकू, तू मर्टनसारखी बोलायला लागलीस."

बोलू दे. त्याला वाटलं टोमणा मारला. मला बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

गुरुवारी क्लबात मर्टन बाकावर माझ्याशेजारी बसतो आता. बोलत नाही फारसं. मी गुण लिहिते, तो बेरीज तपासतो. एकदाही चूक सापडलेली नाही, तरी तपासतो.

१४ सप्टेंबर

आणखी एक खोडा! मर्टन म्हणाला, ऑरेलची तिन्ही मॅगझिनं आण. पंधरा गोळ्यांची आहेत. आमच्या व्हर्माँटमध्ये पिस्तुलाला पंधरा चालतात, लांब बंदुकीला दहाच. दस्ता लागला की ती लांब बंदूक.

"तेच पिस्तूल आणि तीच मॅगझिनं, मर्टन! काल चालत होती!"

"काल दस्ता नव्हता."

त्या मॅगझिनांच्या बुडावर ऑरेलने खिळ्याने आपली अक्षरं ओरखडली होती, क्लबात बदलाबदल होऊ नये म्हणून. ती देऊन टाकायची? घरी येऊन खूप चिडचिड केली. सूप करपवलं.

१८ सप्टेंबर

मर्टन दहा गोळ्यांची तीन नवी मॅगझिनं घेऊन आला. हातात घेतली, उलटी केली – बुडावर ऑरेलची अक्षरं! जुन्यांची बुडं काढून यांना बसवली होती. कायदा जिथल्या तिथे, ऑरेलही जिथल्या तिथे. मी विचारलंही नव्हतं. उलट त्याला नको नको ते बोलले होते.

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक कायदा पाळतात तेव्हा दुसऱ्यावर उपकार केल्यासारखे पाळतात. हा पाळतो आणि त्यातूनच तुमच्यासाठी जागा काढतो.

८ ऑक्टोबर

मंजुरी आली!! सरकारी कराचं तिकीट चिकटवलेला कागद. मर्टनला फोन केला. म्हणाला, "क्रमांक वाच." वाचला. "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मग म्हणाला, "अभिनंदन, व्हर्ना."

११ ऑक्टोबर

कोरलं. व्हर्ना थिबो, ईस्ट मॅरो, व्हर्माँट. इवलीशी अक्षरं, चष्मा लावून दिसतात. यंत्र असून मर्टनने हाताने कोरली. दस्ता बसवायची वेळ आली तेव्हा पाना माझ्या उजव्या हातात दिला आणि पिस्तूल स्वतः धरून ठेवलं. "बनवणारी तू आहेस." पेच मी आवळला.

२७ ऑक्टोबर

चौथी आले. अकरा जणांत चौथी! खांद्यावर निळा डाग पडलाय, रबर कुठे टेकवायचं ते विसरले होते. मागे बाकावर मर्टन माझी वही घेऊन बसला होता, माझे गुण लिहीत. बेरीज मी तपासली. बरोबर होती. घरी येताना गाडीत एकटीच ऑरेलशी बोलले, सगळं सांगितलं. मर्टनबद्दलही.

२ नोव्हेंबर

मर्टन तिजोरी बघायला आला होता, भिंतीला नीट पक्की आहे का म्हणून. आहे म्हणाला. मग दारात घुटमळला.

"एक नियम सांगायचा राहिला. हे हत्यार तुझ्या एकटीच्या नावावर आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती पडता कामा नये."

"इथे दुसरं कोण राहतंय?"

"राहायला आलंच कुणी, तर त्याला तिजोरीचा आकडा सांगायचा नाही. नवरा असला तरी."

"कुठला नवरा, मर्टन?"

त्याने टोपी काढली.

५ नोव्हेंबर

टाउन ऑफिसात जाऊन लग्नाचा अर्ज भरला. मर्टनने दोनदा मोठ्याने वाचला. तिजोरीचा आकडा त्याला सांगितलेला नाही.