स्वतःला वगळून

३ सप्टेंबर
आज दवाखान्याचे संगणक सांभाळायला रुजू झालो. रेकॉर्ड रूम लहान, पण खिडकी ऐसपैस. टेबल एकच, माझं आणि नोंदी ठेवणाऱ्या मावशींचं. त्यांनी अर्धा खण मोकळा करून दिला आणि बजावलं, की उरलेल्या अर्ध्यातल्या गोळ्या रक्तदाबाच्या आहेत, लिमलेटच्या नाहीत. इथे माझं छान जमणार.

६ सप्टेंबर
दोन दिवस झाले, दुपारी मधूनच रुग्णांचे रिपोर्ट सेव्ह होत नाहीत. मिनिटभराने आपोआप सुरळीत. मी कर्नेल ट्रेसिंग लावलं, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातच पहारा बसवला. कोणाच्या खात्यातून कोणती फाइल कधी उघडली, तिच्यात काय लिहिलं, ओळ न ओळ उमटते. पहारेकऱ्याने स्वतःचीच पावलं मोजत बसू नये म्हणून माझं खातं तेवढं वगळलं. सगळे असंच करतात.

९ सप्टेंबर
१२.१० ला बिघाड. पहाऱ्याच्या नोंदीत एकट्या मावशींचं खातं. मी तसं लिहून दिलं. साहेबांनी त्यांना घरी बसवलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. जाताना म्हणाल्या, "माझंच काही चुकत असेल रे. तू नको मनाला लावून घेऊस."

१० सप्टेंबर
मावशी नाहीत, तरी बिघाड. माझं खातं पहाऱ्यात घेतलं. फाइली अडवून धरणारा प्रोग्राम माझाच निघाला, पहिल्याच दिवशी हौसेने बसवलेला. गुपचूप काढून टाकला. साहेबांकडे सांगायला गेलो, तर त्यांनी पाठ थोपटली. तसाच परत आलो.

१३ सप्टेंबर
आज पुन्हा १२.१०. नोंदीत माझं खातं. मी तेव्हा जेवत होतो. शिपाई म्हणतो, तुम्ही तर टेबलाशी मान खाली घालून बसला होतात.

१४ सप्टेंबर
पासवर्ड बदलला. उपयोग नाही. माझ्या खात्यातून तो, टेबलाशी बसणारा, साहेबांना पत्र लिहितोय. ट्रेसमध्ये उमटलं — मावशींचा दोष नाही. दोष —
तिथेच अडला. इथून रोज एकच शब्द पुढे जाणार बहुतेक.

१५ सप्टेंबर
दोष माझ्या —

१६ सप्टेंबर
१२.१० ला रेकॉर्ड रूमच्या दाराच्या फटीतून पाहिलं. माझाच शर्ट. खांदे हलत होते — रडत होता.
मी फक्त अडवायचं नाही. मावशी परत येतील. तेवढंसुद्धा मला —
बाजूच्या खोलीतल्या संगणकावरून त्याला, म्हणजे माझ्याच खात्याला, बंद करायची आज्ञा दिली. पत्र पुसलं गेलं. खुर्ची रिकामी.
लाज वाटते. पण सुटलो —
लिहितोय, पण पेन धरलेली बोटं दिस—